धान्य कमी पडलं, पण उपाशी कोणी राहायचं?

उत्तर कोरियाचा विषय आपल्याकडे निघतो तो दोनच तऱ्हांनी. वाहिन्यांवर किम जोंग उन हा करमणुकीचा ऐवज आहे: त्याची केशरचना, त्याचं वजन, त्याची बहीण, त्याचं पुढचं क्षेपणास्त्र, आणि मागे भयपटाला शोभेल असं संगीत. या तमाशाला वैतागलेले शहाणेसुरते लोक मग पार दुसऱ्या टोकाला जातात. त्यांच्या मते हा सगळा अमेरिकी प्रचार. एका लहानशा देशाला सत्तर वर्षं कोंडीत धरलं, त्याच्यावर निर्बंध लादले, मग तिथली माणसं उपाशी राहणार नाहीत तर काय होईल? पहिल्यांना वेडा राजा सापडला की समाधान होतं, दुसऱ्यांना दुष्ट महासत्ता सापडली की. वाद जोरात चालतो, पण तिथल्या ईशान्येकडच्या चोंगजिन शहरातल्या पोलाद कारखान्यातले कामगार नव्वदच्या दशकात नेमके कशाने मेले, हे त्यात कुणी विचारतही नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. धान्याचा तुटवडा कुठल्याही देशावर येऊ शकतो. पाऊस, पूर, युद्ध, आटलेलं परकीय चलन, कारणं शंभर. पण तुटवड्याचा दुष्काळ व्हायला आणि त्या दुष्काळात अमुकच माणसं मरायला राजकीय व्यवस्था लागते. उत्तर कोरियात धान्याचं वाटप हे जितकं पोट भरण्याचं साधन होतं, तितकंच माणसं बांधून ठेवण्याचं होतं. त्यामुळे माणसं वाचवायची की वाटपावरची पकड, असा प्रसंग जेव्हा जेव्हा आला, तेव्हा राजधानी प्योंगयांगमधल्या सरकारने जवळजवळ दर वेळी पकड निवडली. यात वेडेपणा कुठेच नाही, थंड हिशोब आहे. निर्बंधांनी त्या माणसांचे हाल वाढवले हे खरं आहे, त्याबद्दल पुढे लिहितोच. पण हा हिशोब त्या निर्बंधांच्या कितीतरी आधीचा.

ही व्यवस्था चालायची कशी, ते पाहिल्याशिवाय पुढचं कळणार नाही. १९५७ मध्ये तिथे धान्याच्या खासगी व्यापारावर बंदी आली आणि १९५८ पर्यंत सगळी शेती सामुदायिक झाली. शहरातल्या माणसाला धान्य मिळण्याची एकच वाट उरली: सरकारी वाटप. आपलं रेशन इथे डोळ्यांपुढे आणू नये. आपल्या रेशन दुकानाच्या शेजारी वाण्याचं दुकान असतं. तिथे शेजारी काहीच नव्हतं. साधारण कामगाराला दिवसाला ७०० ग्रॅम, खाणीत किंवा भट्टीवर राबणाऱ्याला ९००, म्हाताऱ्यांना ३००, तान्ह्या मुलांना १००, असा हा ग्रॅमातला हिशोब. धान्य मिळायचं ते कामाच्या आणि राहत्या जागेच्या नोंदीवर. दुसऱ्या जिल्ह्यात जायचं तर परवाना हवा; परवान्याशिवाय गेलात तर तिथे तुमच्या नावाचा दाणाही नाही. त्याच्या जोडीला सोंगबुन, म्हणजे प्रत्येक घराण्याची राजकीय प्रतवारी. आजोबा जपान्यांशी लढले होते की जमीनदार होते, घरातलं कुणी दक्षिणेत पळालं होतं का, यावरून एकनिष्ठ, डळमळीत आणि वैरी असे तीन थर, आणि त्यांच्या पोटात पन्नासएक उपथर. (जातीची उतरंड पाहत वाढलेल्या मराठी वाचकाला हे समजायला जड जाऊ नये.) शिक्षण, नोकरी, राहण्याचं ठिकाण हे सगळं या प्रतवारीवर. म्हणजे माणूस कुठे राहणार हे निष्ठेवर ठरायचं, आणि काय खाणार हे तो कुठे राहतो त्यावर. ज्या राज्याने हे सारं हाताने उभं केलं, त्याला संकटात उपाशी कोण राहील याची कल्पना नव्हती, असं निदान कुणी म्हणू नये.

आता विरुद्ध बाजूचं जे सर्वांत भक्कम आहे ते घेऊ. देश डोंगराळ, लागवडीजोगी जमीन जेमतेम पाचवा हिस्सा, हिवाळा लांबलचक. १९४५ च्या फाळणीत कारखाने आणि खाणी उत्तरेकडे गेल्या, भाताची सुपीक खोरी दक्षिणेकडे राहिली. १९५० ते १९५३ च्या युद्धात अमेरिकी विमानांनी उत्तरेतली शहरं जमीनदोस्त केली आणि शेवटी शेवटी शेतीला पाणी देणारी धरणंही फोडली. या राखेतून उत्तर कोरियाने शेती उभी केली ती रासायनिक खतांवर आणि विजेच्या पंपांवर, आणि ती चालायची मित्रराष्ट्रांच्या स्वस्त तेलावर. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ मोडला. मॉस्कोने रोख पैसे मागितले, दोन-तीन वर्षांत चीननेही तोच सूर लावला. तेल नाही म्हणून वीज नाही, वीज नाही म्हणून पंप बंद, खताचे कारखाने बंद, खाणींत पाणी, म्हणून कोळसा नाही, म्हणून पुन्हा वीज नाही. त्यात १९९५ आणि १९९६ मध्ये महापूर, १९९७ मध्ये अवर्षण. इतके घाव लागोपाठ बसले तर कुठल्याही सरकारचा कस लागला असता. हे मान्य न करता जो उत्तर कोरियावर बोलतो, त्याला वाहिनीवर जागा मिळेल, पण त्याचं ऐकू नये.

पण मग शेजारपाजारी पाहायला हरकत नसावी. दक्षिण कोरियाही डोंगराळच आहे आणि लागणारं बहुतांश धान्य तो आजही बाहेरून आणतो. जपानची गोष्ट फार वेगळी नाही. ज्याच्याकडे जमीन कमी आहे तो देश कारखान्यातला माल विकतो आणि धान्य विकत घेतो. कारखाने तर सुरुवातीला उत्तरेकडेच जास्त होते. मात्र स्वावलंबनाच्या ‘जुचे’ तत्त्वज्ञानात हे बसेना. मग डोंगरउतारांवरची झाडं तोडून तिथे मका लावला गेला. १९९५ चा पाऊस आकाशातून पडला हे खरं, पण त्याने एवढी माती, एवढी शेतं आणि घरं का वाहून नेली याचं बरंचसं उत्तर त्या उघड्या उतारांवर होतं. आणि तंगी काही पुराबरोबर आली नव्हती. युद्धासाठी साठा हवा म्हणून १९७३ पासून वाटपाला कात्री लागली होती, १९८७ मध्ये आणखी दहा टक्के कपात झाली, १९९१ मध्ये तर दिवसातून दोनदाच जेवा, अशी सरकारी मोहीमच निघाली. पूर यायला अजून चार वर्षं होती.

व्हिएतनामचं उदाहरण याहून बोलकं. त्या देशावर बॉम्ब काही कमी पडले नव्हते. राजवट एकपक्षीय, कम्युनिस्ट. अमेरिकेची व्यापारबंदी थेट १९९४ पर्यंत. ऐंशीच्या दशकात तिथेही लोक अर्धपोटी होते. १९८६ मध्ये पक्षाने धोरण बदललं, शेत पुन्हा कुटुंबांकडे दिलं, भात विकायची मोकळीक दिली, आणि १९८९ मध्ये हाच देश तांदूळ निर्यात करू लागला. क्युबाचीही सोव्हिएत मदत १९९१ मध्येच तुटली. लोकांची वजनं उतरली, हाल झाले, शेवटी १९९४ मध्ये कॅस्ट्रोने नाखुशीने का होईना शेतकऱ्यांचे बाजार उघडले. तिथे लाखांनी माणसं मेली नाहीत. दोन्ही देश लोकशाही नव्हते, म्हणून ‘लोकशाही नाही, मग दुष्काळ पडणारच’ असं सोपं उत्तरही मला चालणार नाही. हुकूमशहालाही वेळेवर शहाणपण सुचू शकतं. मात्र धान्यावरचा हात काढला तरी खुर्ची राहील, एवढा भरवसा त्याला लागतो. हनोईला तो होता, कारण तिची दक्षिण १९७५ मध्येच तिच्या ताब्यात आली होती. प्योंगयांगची दक्षिण जिवंत होती, त्याच भाषेत बोलत होती आणि दरवर्षी जास्त श्रीमंत होत होती. दार किलकिलं केलं तर आपली माणसं कुठे पाहतील, हे किम घराण्याला आपल्यापेक्षा चांगलं कळत होतं.

मग त्यांनी केलं काय? १९९४ च्या सुमारास ईशान्येकडच्या हामग्योंग प्रांतांना जाणारं धान्य आटलं. हा भाग खाणींचा आणि कारखान्यांचा, शेती थोडी, आणि ‘वैरी’ ठरलेल्या घराण्यांना पिढ्यानपिढ्या हाकलून जिकडे धाडलं त्यांपैकी एक. बहुतेक दुष्काळांत आधी खेड्यातला भूमिहीन मरतो. इथे आधी मेला तो कारखान्यातला कामगार, कारण तो सरकारी वाटपावर सोळा आणे विसंबून होता आणि त्याच्यापाशी भाजी लावायलाही जमीन नव्हती. लोकांनी बंद पडलेल्या यंत्रांतलं तांबं काढून चीनच्या सीमेपार विकलं. सापडले त्यांना चारचौघांत गोळ्या घातल्या गेल्या. खेड्यांत सरकारने शेतकऱ्याचा वर्षाचा वाटा माणशी १६७ किलोवरून १०७ किलोवर आणला. शेतकऱ्याने मग जगातला कुठलाही शेतकरी करील तेच केलं: कणसं कोवळी असतानाच खुडून लपवली. शहराकडे जाणारा गाडा आणखी रिकामा झाला. ऑगस्ट १९९५ मध्ये सरकारने जगाकडे हात पसरला खरा, पण मदतीची जहाजं १९९७ पर्यंत पश्चिमेच्या बंदरांतच लागत राहिली. जिथे माणसं सर्वांत जास्त मरत होती त्या पूर्व किनाऱ्यावर नाही. मदत वाढत गेली तसं सरकारने स्वतःच्या पैशाने धान्य विकत घेणं कमी करत आणलं. वाचलेलं परकीय चलन गेलं कुठे? १९९९ मध्ये कझाकस्तानातून सुमारे चाळीस मिग-२१ लढाऊ विमानं आली, एवढं तर सगळ्यांना ठाऊक आहे.

बळींचा आकडा २ लाख ४० हजारांपासून ३५ लाखांपर्यंत सांगितला जातो. लोकसंख्येच्या अभ्यासकांचे सावध हिशोब ६ ते १० लाखांच्या दरम्यान येतात, म्हणजे सव्वादोन कोटींच्या देशात शंभरातली तीन ते पाच माणसं. अंदाजांत इतकी तफावत का? कारण मोजायला कुणाला जाऊच दिलं नाही. तान्ह्या मुलाचे १०० ग्रॅमही नोंदवणाऱ्या राज्याने प्रेतांचा हिशोब मात्र कधी कुणाला पडताळू दिला नाही.

आणि यातलं काहीच नकळत घडलं नव्हतं. डिसेंबर १९९६ मध्ये किम जोंग उनचा बाप आणि तेव्हाचा राज्यकर्ता किम जोंग इल याने किम इल सुंग विद्यापीठात केलेलं भाषण पुढे बाहेर फुटलं. लोक अन्नासाठी रस्तोरस्ती हिंडताहेत हे तो त्यात कबूल करतो, खापर पक्षाच्या कार्यकर्त्यांवर फोडतो, आणि मग मुद्द्यावर येतो: लोकांना तुमचं तुम्ही बघा असं सांगितलं, तर शेतकऱ्यांचे बाजार आणि फेरीवाले वाढतील, माणसं स्वार्थी होतील आणि पक्षाचा वर्गीय पायाच कोसळेल. दुष्काळ ऐन भरात असताना राज्यकर्त्याची काळजी ही होती. उपाशी माणूस उपाशी आहे यापेक्षा तो आपल्याशिवाय जेवायला शिकेल, ही.

माणसं शिकलीच. सरकारी गाडा थांबल्यावर जांगमादांग, म्हणजे उघडे बाजार, गल्लोगल्ली उभे राहिले. त्यांत बसल्या त्या बहुतेक बायका, कारण पुरुषांना पगार नसला तरी बंद कारखान्यात हजेरी लावावीच लागे. कुणी घरी केलेला तोफू विकला, कुणी चिनी कापड, कुणी रानातल्या मुळ्या. उत्तर कोरियाला त्या संकटातून बाहेर काढलं ते परदेशी मदतीने आणि या बायकांनी, पक्षाने नाही. १९९८ च्या पाहणीत वाढ खुंटलेली मुलं शंभरात ६२ होती, २०१७ मध्ये १९. आता त्याच काळात सरकार या बाजारांशी कसं वागलं ते पाहा. २००२ मध्ये नाइलाजाने थोडी मुभा दिली. २००५ मध्ये पीक बरं आल्याबरोबर धान्याची खासगी विक्री पुन्हा बंद, सरकारी वाटप पुन्हा सुरू, आणि परदेशी मदत संस्थांना गाशा गुंडाळायचा निरोप. २००७ च्या अखेरीस पन्नाशीच्या आतल्या बायकांनी बाजारात बसायचं नाही, असा फतवा. ३० नोव्हेंबर २००९ रोजी चलनबदल: जुने शंभर वॉन द्या, नवा एक घ्या, तोही ठरावीक मर्यादेपर्यंत; बाकीची पुंजी कागद. आपल्याला इथे २०१६ चा नोव्हेंबर आठवेल. आठवू द्या, पण आपण निदान रांगेत उभं राहून सरकारला शिव्या देऊ शकत होतो. तिथे घाव नेमका त्यांच्यावर घातला होता ज्यांनी दहा वर्षं बाजारात बसून चार पैसे गाठीशी बांधले होते. भाव भडकले, बाजार ओस पडले, आणि शेवटी सरकारलाच माघार घ्यावी लागली. दर वेळी क्रम तोच: संकटात बाजार सहन करायचा, जरा श्वास मिळाला की त्याचा गळा धरायचा. नुसतं अज्ञान असतं तर एकदा भाजल्यावर संपलं असतं.

निर्बंधांचा मुद्दा मात्र उडवून लावण्याजोगा नाही. २००६ मधल्या पहिल्या अणुचाचणीनंतर सुरक्षा परिषदेने सुरू केलेले निर्बंध आधी शस्त्रास्त्रांपुरते आणि चैनीच्या वस्तूंपुरते होते. २०१६-१७ मध्ये त्यांचं स्वरूप बदललं. कोळसा, कापड, मासळी यांची निर्यात बंद झाली. कापड शिवणाऱ्या आणि मासळी साफ करणाऱ्या बायकांचा त्या अणुबॉम्बशी संबंध काय होता? डिसेंबर २०१७ च्या ठराव २३९७ ने शुद्ध इंधनाची आयात वर्षाला ५ लाख पिंपांवर आणली आणि यंत्रं व धातूंच्या वस्तू अडवल्या. कागदोपत्री मदतकार्याला सूट आहे. प्रत्यक्षात पाण्याचा पंप हे यंत्र ठरतं, पाइप धातूची वस्तू ठरते, ट्रॅक्टरचा सुटा भाग दोन्ही. मदत संस्थांनी एकेका सामानासाठी समितीच्या परवानगीची महिनोन् महिने वाट पाहायची, आणि ती मिळाली तरी बँका व्यवहाराला हात लावायला तयार नाहीत. हे क्रूर आहे आणि मूर्खपणाचंही, कारण क्षेपणास्त्रं थांबली नाहीतच. शेतीचं सामान सरसकट मोकळं करावं, असं माझं स्वच्छ मत आहे.

पण निर्बंध हेच मूळ, असं म्हणणाऱ्यांनी दोन तारखांचं उत्तर द्यावं. लाखो माणसं मेली ती १९९५ ते १९९८ मध्ये. सुरक्षा परिषदेचा निर्बंधांचा पहिला ठराव २००६ चा. अमेरिकेची स्वतःची व्यापारबंदी युद्धापासून होती हे खरं, पण त्याच अमेरिकेने १९९५ ते २००८ या काळात उत्तर कोरियाला शंभर कोटी डॉलरहून जास्त मदत दिली, त्यातली निम्म्याहून अधिक अन्नाची. दुसरी तारीख जानेवारी २०२०. कोविडचं नाव निघताच किम जोंग उनने सीमा मिटल्या, इतक्या की ऑगस्टपासून चीनच्या सीमेलगतच्या पट्ट्यात दिसेल त्याला गोळी घालायचा हुकूम निघाला. चीनशी होणारा व्यापार एका वर्षात ऐंशी टक्क्यांनी घसरला. वॉशिंग्टनला जे कधी जमलं नव्हतं ते प्योंगयांगने स्वतःच्या हाताने केलं. महामारीत सीमा सगळ्यांनीच बंद केल्या, पण खत आणि धान्य अडवणारे किती होते? आणि महामारी ओसरल्यावर त्या कोंडीचा उपयोग कशासाठी झाला? सीमेवरची चोरटी आयात मोडायला, आणि धान्य पुन्हा सरकारी दुकानांतच विकलं जाईल असं पाहायला. ज्याने २०१२ मध्ये पहिल्याच जाहीर भाषणात लोकांना पुन्हा पोटाला चिमटा काढावा लागणार नाही असा शब्द दिला होता, त्यानेच २०२१ मध्ये पक्षाला नव्या ‘खडतर कूच’साठी तयार राहायला सांगितलं. नव्वदच्या दशकातल्या दुष्काळाचं तिथलं अधिकृत नाव तेच आहे.

तिसरा आक्षेप आपल्या घरातला आहे, आणि मला तो सर्वांत जास्त बोचतो. आपल्या २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालच्या शंभरातल्या पस्तीसहून अधिक मुलांची वाढ खुंटलेली आढळली. महाराष्ट्राचा आकडा जवळपास तोच. उत्तर कोरियाचा २०१७ चा आकडा १९ होता, हे वर आलंच. मेळघाटातल्या बालमृत्यूंच्या बातम्या वाचत आमची पिढी म्हातारी होत आली. मग कुठल्या तोंडाने आपण दुसऱ्याच्या भुकेवर लेख लिहायचे? प्रश्न रास्त आहे आणि त्यातली शरम आपलीच आहे. अमर्त्य सेन यांनी हा फरक फार पूर्वी दाखवून दिला: मोकळी वृत्तपत्रं आणि निवडणुका यांच्यामुळे दुष्काळ टळतो, पण रोजची, चिवट, बातमी न होणारी अर्धपोटी अवस्था त्यांच्यामुळे आपोआप टळत नाही. लोकशाहीच्या नावाने पाठ थोपटून घेणाऱ्यांनी हे दुसरं वाक्यही लक्षात ठेवावं. त्या १९ च्या सरासरीत काय आहे तेही मात्र पाहू. प्योंगयांगमध्ये शंभरात दहा मुलं, ईशान्येच्या र्यांगगांग प्रांतात बत्तीस. सोंगबुनचा नकाशा आणि खुंटलेल्या मुलांचा नकाशा एकमेकांवर ठेवले तर फारसा फरक दिसू नये. आणि मेळघाट आपल्याला माहीत आहे तो का? कुणीतरी तिथे जाऊन मुलं मोजली, वर्तमानपत्रांनी छापलं, लोक उच्च न्यायालयात गेले, मंत्र्यांना उत्तरं द्यावी लागली. र्यांगगांगचे बत्तीस मोजले गेले, पण ते तिथे छापणार कोण, आणि न्यायालयात जाणार कोण?

इथे १९७२ चा दुष्काळ आठवणं भाग आहे. लागोपाठच्या अवर्षणाने महाराष्ट्रात विहिरी आटल्या, गुरं कवडीमोलाने गेली, लोकांनी मिलो नावाची लाल ज्वारी खाल्ली, मुलांना सुकडी मिळाली. १९७३ च्या उन्हाळ्यात जवळजवळ पन्नास लाख माणसं खडी फोडत, पाझर तलाव खणत होती. हाल कमी नव्हते, भ्रष्टाचारही होता. पण मजुरी वेळेवर नाही म्हणून मोर्चे निघाले, तहसीलदारांना घेराव पडले, विधिमंडळात सरकारची सालटी काढली गेली, आणि त्या मंथनातून वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी १९७७ मध्ये कायदा झाली. लाखो माणसं मेली नाहीत. सरकार फार दयाळू होतं म्हणून हे झालं, असं त्या दुष्काळात खडी फोडलेला एकही माणूस सांगणार नाही.

हवं तर याहून मागे जाऊ, कारण ‘त्यांची परिस्थितीच वेगळी’ हे उत्तर मला ऐकू येतंय. १८७६-७७ च्या दुष्काळात राज्य इंग्रजांचं, निवडणुका नाहीत, धान्य परदेशी जात होतं. इंग्रज अधिकारी सर रिचर्ड टेंपलने दुष्काळी कामावरच्या मजुरीचा दर दिवसाला एक पौंड धान्यापर्यंत खाली आणला. उत्तर कोरियाच्या कामगाराच्या कागदोपत्री ७०० ग्रॅमांपेक्षाही कमी. पण पुण्यात सार्वजनिक सभा होती. गणेश वासुदेव जोशींच्या सभेने गावोगावी माणसं धाडून माहिती गोळा केली, ती छापली, सरकारला धाडली. मजुरांनी दुष्काळी कामांवर बहिष्कार टाकला. माणसं त्या दुष्काळात लाखांनी मेली, हे विसरून चालणार नाही. तरी तीनेक वर्षांत दुष्काळ आयोग बसला, दुष्काळ संहिता तयार झाली, आणि १८९६ मध्ये टिळकांना ‘केसरी’तून शेतकऱ्याला सांगता आलं की कायद्याने तुझा हक्क काय आहे. परक्या, लुटारू राजवटीतही इतकी फट होती. १९९६ मध्ये हामग्योंगमधल्या हामहुंग शहरात सार्वजनिक सभा काढणाऱ्याचं, किंवा ‘माझ्या गावात अमुक इतकी माणसं मेली’ असं लिहून काढणाऱ्याचं पुढे काय झालं असतं? राजकीय कैद्यांच्या छावणीत तो एकटा गेला नसता. त्याची बायकामुलं आणि आईबापही गेले असते. २०१४ मध्ये मायकल कर्बी यांच्या अध्यक्षतेखालच्या संयुक्त राष्ट्रसंघाच्या चौकशी आयोगाने जाणूनबुजून लादलेली दीर्घ उपासमार हा मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांत धरला, तो याच अर्थाने.

आपल्याकडे आणखी एक कुजबुज असते: पण शिस्त बघा, रस्ते बघा, असाच एक खमका माणूस हवा. तिच्यावर वेळ घालवत नाही. र्यांगगांगमध्ये घर मिळालं तर जाल का, एवढंच विचारावं.

उरला मदतीचा प्रश्न, आणि यावर प्रामाणिक माणसांचे खरे मतभेद आहेत. १९९८ मध्ये ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ ही संस्था उत्तर कोरियातून बाहेर पडली, कारण ज्यांना गरज सर्वांत जास्त त्यांच्यापर्यंत पोहोचूच दिलं जात नव्हतं. संयुक्त राष्ट्रसंघाचा जागतिक अन्न कार्यक्रम मात्र तिथेच राहिला, कारण त्याच्या धान्यावर एके काळी देशातली तिसरा हिस्सा माणसं जगत होती. कोण बरोबर? मदतीतला काही वाटा सैन्याकडे आणि बड्यांकडे गेला यात शंका नाही. तरीही मी तिथे राहणाऱ्यांच्या बाजूचा आहे. चोरीला गेलेलं पोतंसुद्धा बहुधा बाजारातच येतं आणि भाव खाली ओढतं, हे जांगमादांगच्या काळात दिसलं आहे. शिवाय राजवटीला शिक्षा म्हणून धान्य अडवायचं, तर शिक्षा भोगायला राजवट कधीच पुढे येत नाही. पण द्यायचं ते डोळे उघडे ठेवून. तांदळाऐवजी मका, जव, मुलांसाठीचं मिश्र पीठ पाठवावं, ज्याकडे प्योंगयांगच्या बंगल्यांत कुणी ढुंकून पाहत नाही. जहाजं पूर्वेच्या बंदरांत लावण्याची अट घालावी. कोरियन येणारे निरीक्षक पाठवावेत. पूर्वी नेमकी त्यांनाच मनाई होती.

निर्बंधच मूळ असं मानणाऱ्यांना आता पडताळा पाहण्याची संधीही आली आहे. युक्रेनच्या युद्धासाठी रशियाला तोफगोळे हवे होते, ते उत्तर कोरियाने दिले, पुढे सैनिकही धाडले. बदल्यात तेल आणि धान्य येत असल्याचं दक्षिण कोरियाचं सरकार सांगतं. निर्बंध पाळले जातात की नाही हे पाहणारं तज्ज्ञांचं पथक मार्च २०२४ मध्ये रशियाच्या नकाराधिकाराने मोडीत निघालं. म्हणजे कोंडी सैल झाली, पैसाही आला. त्या पैशाने ईशान्येतला माणूस जेवतो आहे का, हे पाहायला कुणीतरी आत असायला हवं. जागतिक अन्न कार्यक्रमाचे शेवटचे परदेशी कर्मचारी मार्च २०२१ मध्ये देश सोडून गेले होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये प्योंगयांगने परदेशी पाहुण्यांसाठी दार उघडलं तेव्हा त्यांना परतायची परवानगी मिळाली नाही. ती मिळाली रशियन पर्यटकांना, मासिकर्योंगच्या बर्फावर स्कीइंग करायला.